नवशिक्यांसाठी बोटॉक्स: फुलसावंगी आवृत्ती

सुरुवात आरशापासून करावी. दाराच्या उजेडात उभे राहा, दोन्ही भुवया एकमेकींकडे ओढा आणि मध्ये पडणाऱ्या उभ्या रेघा मोजा. दोन भरल्या तर काळजीचं कारण नाही. फुलसावंगीत तेवढ्या सगळ्यांनाच असतात. एक उन्हात कापूस वेचताना पडते आणि दुसरी तो विकताना. तीन भरल्या तर तुमच्या नावावर पीककर्ज आहे, आणि त्यावर हे इंजेक्शन लागू पडत नाही.

रेघा घालवायला जे टोचतात ते बोट्युलिनम टॉक्सिन. बोटॉक्स हे एका कंपनीच्या मालाचं नाव, पण आता सगळ्यांच्याच मालाला लोक तेच म्हणतात. भुवयांमधल्या जागेचा ठरलेला डोस २० युनिट, पाच जागी चार-चार. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या कामाला २००२ साली मंजुरी दिली. गुण दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो, पुरता यायला पंधरवडा लागतो आणि तीन-चार महिन्यांत सगळं पूर्वीसारखं होतं. लगन उद्यावर आलं असताना आज सुई घेणाऱ्याच्या आठ्या फोटोत जशाच्या तशा येतात आणि जातात त्या पाहुणे गेल्यावर. शिवाय तीन महिने कपाळाला आठी घालता येत नाही, ही व्यवहारातली मोठी अडचण. व्यापारी कापसाचा भाव सांगतो, तुमचं कपाळ तळ्यासारखं शांत. तो समजतो, पटला भाव. अशा वेळी सुई न घेतलेला एक सोयरा सोबत न्यावा आणि त्याला पुढे उभं करावं.

पार्लरमधल्या ‘केसांच्या बोटॉक्स’नं फसू नका. त्यात बोट्युलिनमचा थेंबही नसतो. केसांना लावायचा तो लेप असतो, नाव तेवढं उसनं. ‘बोटॉक्स क्रीम’ची गोष्टही तीच. हा रेणू इतका थोरला असतो की नुसतं मलम चोळून तो कातडीतून आत जात नाही. ज्याला सुईची भीती वाटते त्याचे पैसे मात्र या दोन्ही मालांत बरोबर जातात.

विषाबद्दल दोन शब्द

घरात हा विषय निघाला की आजी विचारणारच, “इखाची सुई हाय म्हन्ते, खरं हाय काय रे बाप्पा?” खरं आहे. नवशिक्यानं इथं खोटं बोलू नये. माणसाला ठाऊक असलेल्या विषांत याचा नंबर सगळ्यात वरचा. युनिट हे मापच मुळी उंदरांवर ठरलं आहे: अठरा-वीस ग्रॅमच्या उंदरांच्या पोटात टोचलं की त्यातले निम्मे मरतात, तेवढ्या विषाला एक युनिट म्हणतात. कपाळात अशी वीस युनिटं जातात. आजीला एवढंच सांगावं की माणूस वीस ग्रॅमचा नसतो.

ते बनवणारा जंतू मातीतला आहे आणि त्याला हवा चालत नाही. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि तिघे दगावले. त्या मांसातून व्हान एरमेंगेम या प्राध्यापकानं जंतू शोधून काढला. आम्ही शाकाहारी, आम्हाला काय त्याचं, असं म्हणणाऱ्यांसाठी: १९९६ साली गुजरातेतल्या एका निवासी शाळेत पोरं अशीच आजारी पडली, तेव्हा संशय शेवेवर गेला होता. आणि ज्या घरात बाळंतीण आहे तिथं एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुन्हा आठवेल न आठवेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधात या जंतूची बीजं असू शकतात; मोठ्या माणसाच्या पोटात ती निमूट निघून जातात, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात. आत्यानं सोन्याची अंगठी मधात बुडवून आणली असेल तर अंगठी ठेवून घ्या.

हे विष अंगात काय करतं, हे समजवायला पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला फळा लागतो. यवतमाळ जिल्ह्यात लागू नये. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करता करता या जिल्ह्यातले शेकडो शेतकरी आणि मजूर भरती झाले, वीसहून जास्त गेले. फवारणीच्या विषांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही एका घराण्याची मंडळी आहेत. नस स्नायूला हुकूम देते तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या हाती. हुकूम पोचला की ते रसायन तिथल्या तिथं पुसून टाकावं लागतं, आणि ही विषं पुसणाऱ्यालाच निकामी करतात. रसायन साचत जातं. तोंडातून लाळ, डोळ्यांतून धारा, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मांड्या-दंड थडथड उडतात. ज्यांनी तेव्हा वार्डात रात्र काढली त्यांना आठवत असेल, अ‍ॅट्रोपिन चढवत जायचं आणि छातीतली घरघर थांबून तोंड कोरडं पडतंय का ते पाहत राहायचं.

बोट्युलिनम येतं त्याच ठिकाणी, पण पलीकडच्या दारानं. एसटी फलाटाला लागली आहे, आत माणसं खच्चून भरली आहेत आणि दार काही केल्या उघडत नाही, तसं ते रसायन नसेच्या टोकाशी पिशव्यांत भरून बसलेलं असतं आणि दार उघडणारं प्रथिन या विषानं कापून टाकलेलं असतं. हुकूम निघतच नाही. मग लाळ सुटायच्या ऐवजी तोंड कोरडं, बाहुल्या बारीक व्हायच्या ऐवजी मोठ्या, पापण्या पडलेल्या, घास गिळेना. शेवटी जीव जातो तो दोन्हीकडे श्वास अडूनच. यावरून कोणी हुशार “मंग फवारणी चढली तर बोटॉक्स टोचून द्यावं काय?” असं विचारील. नाही. उलट्या दिशेनंही नाही. हे दोघं एकमेकांचे उतारे नाहीत, आणि हा प्रश्न ज्याला सुचला त्याच्या हाती पंपही देऊ नये.

एवढं जहाल विष औषध होतं ते एका गोष्टीमुळे: अब्जांश ग्रॅमात मोजून, एकाच स्नायूत सोडलं तर तेवढाच स्नायू ढिला पडतो आणि काही महिन्यांत नसेची टोकं पुन्हा कामाला लागतात. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी सत्तरच्या दशकात तिरळ्या डोळ्यांसाठी हे आधी माकडांवर आणि मग माणसांवर करून पाहिलं. १९८९ साली मंजुरी मिळाली ती तिरळेपणाला आणि आपोआप मिटणाऱ्या पापण्यांना. आठ्यांचा नंबर तेरा वर्षांनी लागला.

साहित्य

एक कुपी. ती हातात घेतल्यावर नवशिक्या हमखास भांडतो, कारण कुपी रिकामी दिसते. उजेडात धरा, तळाला धुकं बसावं तशी पांढरट पापुद्र्याची झाक दिसेल, न दिसेल. तोच माल. शंभर युनिटांच्या कुपीत विष असतं काही अब्जांश ग्रॅम. जे दिसतं ते सोबत घातलेलं मीठ आणि मानवी रक्तातलं अल्ब्युमिन. आतली हवा काढलेली असते, म्हणून सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई बुचातून आत गेली की कुपी सलाइन आपसूक ओढून घेते. ओढलं नाही तर ती टाकून द्यायची. ही परीक्षा डॉक्टरनं तुमच्यासमोर करावी असा आग्रह धरा. कुपीवरचं नाव, बॅच नंबर आणि मुदत आधी वाचा, लागलंच तर मोबाइलवर फोटो काढा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

कुपी २ ते ८ अंश थंडाव्यात राहिली पाहिजे. मे महिन्यात यवतमाळहून एसटीच्या टपावरच्या पेटीतून आलेली, भावजयीच्या पर्समधून आलेली, किंवा लोडशेडिंगच्या गावात तुपाच्या डब्याशेजारी महिनाभर राहिलेली कुपी म्हणजे महागडं मिठाचं पाणी. कालवल्यावर २४ तासांच्या आत वापरायची. म्हणून “अर्धी शिशी उरली हाय, अर्ध्या पैशात देऊन देतो” असं कोणी म्हणालं की ती कधी उघडली एवढंच विचारा आणि उत्तर ऐकायला थांबू नका.

एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाच्या बरोबरीचं नसतं, हेही इथंच लिहून ठेवा. मागच्या वेळी तीस घेतले होते, या वेळी पण तीसच द्या, असा हिशेब कंपनी बदलल्यावर चालत नाही. टोपणानं माप घ्यायची सवय पंपापुरती ठेवावी.

घरच्या घरी

यूट्यूबवर सगळं आहे: कुपी कुठून मागवायची, किती पाणी घालायचं, आरसा कसा धरायचा. आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. वेल्डिंगचं काम करणारा एक चोवीस वर्षांचा तरुण इथं मोबाइलवर पाहून-शिकून हेलिकॉप्टर बांधत होता आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेताना तुटलेलं पातं लागून गेला. त्याची थट्टा करणाऱ्यानं फुलसावंगीत चहा पिऊ नये. पण तो निदान नवीन काही घडवत होता. बोट्युलिनम आधीच घडलेलं आहे, शिकलेली माणसं ते टोचायला तयार आहेत, आणि पापणी उचलणारा स्नायू भुवईच्या जागेपासून इतका जवळ असतो की सुई जरा खाली गेली तर एक डोळा काही आठवडे अर्धा मिटलेलाच राहतो.

आडमार्गाच्या मालाचं काय होतं याचा दाखला २००४ सालचा, फ्लोरिडातला. तिथं एका दवाखान्यात प्रयोगशाळेसाठी बनवलेलं, माणसांना द्यायचं नसलेलं टॉक्सिन टोचलं गेलं. टोचणाऱ्या डॉक्टरनं स्वतःलाही टोचून घेतलं होतं. त्याच्यासकट चौघं जण श्वासाच्या मशिनवर गेले. २०२३ साली तुर्कस्तानात वजन घटवण्यासाठी जठरात बोट्युलिनम टोचून घेणारे पर्यटक जर्मनीला परतल्यावर आजारी पडले. अमेरिकेत २०२४ मध्ये नकली कुप्या सापडल्या. आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ पासून आहे, आणि नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा त्यात गुन्हा आहे; तरी गावोगावी सलाइन लावणारे लावतातच. त्यांच्याकडे अजून ही कुपी पोचलेली नाही ती केवळ महाग आहे म्हणून, असा माझा समज आहे.

आता कपाळ राहू द्या

इथपर्यंत वाचलेल्यांपैकी ज्यांना आठ्यांचंच काम होतं त्यांनी उठायला हरकत नाही. बाकीच्यांनी आपल्या गल्लीत एकदा पाहून घ्यावं.

लकवा मारलेल्या माणसाचा हात वर्षभरानं पाहावा. कोपरात दुमडून छातीशी आलेला, मूठ घट्ट, अंगठा आत. नखं तळव्यात रुतलेली. घरची बाई आंघोळ घालताना एकेक बोट उकलते तेव्हा आतली कातडी ओली आणि पांढरी पडलेली असते, वास मारतो. बगल धुवायची तर एकानं हात ओढून धरायचा, दुसऱ्यानं पाणी घालायचं. बंडीच्या बाहीत हात घालायला पुन्हा दोघं. म्हातारा कण्हतो, सून रडकुंडीला येते, आणि “आता असंच चालाचं” म्हणून वर्षं जातात. या आवळलेल्या स्नायूंत बोट्युलिनम टोचलं की मूठ सैल होते. हात पुन्हा वखर धरील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नखं कापता येतात, बगल धुता येते, सदरा चढतो. ज्यानं ती आंघोळ घातली आहे त्याला हे किती मोठं आहे ते कळेल. मात्र सांधाच आखडून दगड झाला असेल तर कितीही युनिटं ओता, उपयोग नाही. आणि सुईनंतर व्यायाम नाही, पट्टी नाही, तर पैसे पाण्यात.

दुसरं, चवड्यावर चालणारं पोट्टं. जन्मताना उशिरा रडलेलं, उशिरा चालायला लागलेलं, टाच टेकवत नाही. पोटऱ्या घट्ट असतात. वेळेवर नेलं तर पोटरीत ही सुई, वर प्लास्टर किंवा बूट आणि रोजचा व्यायाम, असं मिळून टाच खाली येऊ शकते आणि ऑपरेशन पुढं ढकलता येतं. शाळा-अंगणवाडीत पोरांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्या दिवशी पोराला शेतात लपवू नका.

तिसरं मानेचं. मान एका बाजूला वळत जाते, ओढ लागते, दुखते. भगताकडे नेतात, तो उतारा टाकतो. गंमत अशी की हनुवटीला स्वतःचं बोट नुसतं टेकवलं तरी काही जणांची मान थोडा वेळ सरळ होते. मग घरचे म्हणतात, “पाह्य, नाटक करून राह्यला.” नाटक नाही, बोटानं मान सुधारणं हीच या आजाराची खूण आहे, डॉक्टर ती मुद्दाम विचारतात. मानेच्या स्नायूंत मोजून दिलेलं बोट्युलिनम हा यावरचा मुख्य इलाज आहे.

डोळ्यांचं जरा सांभाळून. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा लवला तर शुभ, हे आपल्याला माहीत आहे; तो जागरणानं, चहानं लवतो आणि आपोआप थांबतो. त्यासाठी कोणी सुई घेऊन शुभशकुन घालवू नये. पण दोन्ही डोळे गच्च मिटायला लागले, उन्हात निघालं की उघडेनात, मोटरसायकल थांबवून बोटांनी पापण्या उचलाव्या लागल्या, तर ते वेगळं. डोळे चांगले असून माणूस आंधळ्यासारखा होतो. तसंच अर्धा चेहरा, डोळ्यापासून ओठापर्यंत, आपोआप उडत राहणं. दोन्हींवर ही सुई चालते आणि तीन-चार महिने सुखाचे जातात.

डोकेदुखीसाठी नियम कडक आहे: महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यात अर्धशिशी असेल, तरच, तेव्हा डोक्या-मानेवर ३१ जागी मिळून १५५ युनिटं, दर बारा आठवड्यांनी. बगलेच्या अतोनात घामाला, झाडावरून पडून मणका मोडलेल्याच्या बेलगाम लघवीला, गळणाऱ्या लाळेलाही हे वापरतात. यादी बरीच लांब आहे, डॉक्टरकडूनच ऐका.

कुठं जायचं

आधी आरोग्य केंद्रात दाखवा, मग पुसद किंवा यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथून नागपूरला किंवा सेवाग्रामला चिठ्ठी मिळेल. आपला भाग कोपऱ्यातला असल्यानं अनेकांना नांदेड सोयीचं पडतं. कोणी “सावंगीले जा” म्हणालं तर आनंदानं घरी परतू नका. ती सावंगी वर्ध्याजवळची, मेघ्यांची. सगळीकडे विचारायचं ते मेंदूविकार, पुनर्वसन किंवा नेत्र विभागात. आधीच फोन करून विचारा: सुई उपलब्ध आहे का, कुपीचे पैसे कोण भरणार, योजनेत बसतं का.

डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा: दिवस गेलेत का, अंगावर पाजता का, स्नायू थकण्याचा मायस्थेनियासारखा आजार आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि गेल्या आठवड्यात गावात ‘पावरचं इंजेक्शन’ घेतलं असेल तर ते कोणतं. जेंटामायसिन, अमिकासिन ही नावं निघाली तर डॉक्टर थांबतील, कारण त्यांनी बोट्युलिनमचा जोर वाढतो.

सुई घेतल्यावर त्या दिवशी चोळायचं नाही. कपाळाला घेतली असेल तर सलूनमधली चंपी मालिशही नाही. टोचल्या जागी थोडं दुखणं, निळं पडणं चालायचंच. पण काही तासांपासून ते काही आठवड्यांत कधीही गिळायला त्रास, आवाज बसणं, दोन्ही पापण्या पडणं, धाप लागणं यांतलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून मोठ्या दवाखान्यात जा आणि सुई कधी घेतली ते पहिल्यांदा सांगा. विष लांब पसरू शकतं असा ठळक इशारा अमेरिकेत २००९ पासून वेष्टनावर छापावा लागतो. यावर प्रतिविष असतं, पण ते उरलेलं विष अडवतं, आधी कापलेलं जोडत नाही. म्हणून उशीर परवडत नाही.

तीन महिन्यांनी मूठ पुन्हा आवळायला लागेल. औषध फेल गेलं असं समजू नका, त्याची मुदत संपली. मात्र लवकर-लवकर घ्यायची घाई करू नका. वारंवार आणि जास्त घेतलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, मग सुई लागूच होत नाही. कागदावर तारीख, कंपनीचं नाव, कुठल्या स्नायूत किती युनिटं हे लिहून घ्या आणि तो कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा, म्हणजे हरवणार नाही. पुढची तारीख घेताना पेरणीचा आठवडा टाळा. म्हाताऱ्याला घेऊन जायला त्या दिवसांत घरात कोणी मोकळं नसतं.